रसायनाला कापडाची जोड

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार. वहिनीला आठवण सांग, आणि तुझ्या गुडघ्याला विचार, जिना चढू देतो का?

तुझी लेक माझ्याकडे मजेत आहे. अंगाने भरलीय, जिभेने आत्यावर गेलीय.

आता कॉलेजात रसायनाच्या जोडीला आणखी एक विषय निवडायचाय, मायनर म्हणतात त्याला. तू कॉम्प्युटर घे म्हणालास. तिला कापडाचा विषय हवाय, म्हणजे धागे, विणकाम, रंग. पण तुला सांगायला घाबरते. वाघ ना तू! वहिनीपुढे तुझं मांजर होतं, हे मी तिला अजून सांगितलं नाही.

परवा माझ्या शिलाईच्या दुकानात एका बाईचा कोट आला. धुतल्यावर लाल अस्तराचा रंग कॉलरला लागलेला. मी म्हटलं, "रंग कच्चा आहे, माझ्या हाताला कळतं." तुझी लेक म्हणाली, "आत्या, तो कच्चा का राहिला ते मला कळतं!" मग आम्ही दोघी जेवण विसरून बोलत बसलो.

दादा, आमचे हे गेल्यावर तू मला मशीन आणून दिलंस आणि दाराआड जाऊन रडलास. मी पाहिलं होतं. शिलाई म्हटलं की तुला तेच आठवतं ना? अरे, मी पोटासाठी शिकले, गोडी मागून लागली. ही तर गोडीपासूनच सुरुवात करतेय.

अर्ज सोबत आहे, महिनाअखेरीच्या आत परत हवा. तुझ्या सहीच्या जागी फुली मारलीय. पेन सापडत नाही म्हणशील, म्हणून तेही पाकिटात घातलंय.

तुझी आगाऊ बहीण