आत्याचा दमा

१२ जानेवारी
मी गाते तेव्हा नेमकं कोण गातं? गाण्याच्या क्लासच्या बाईंनी विचारलं आणि मी प्रश्नच वहीत उतरवून घेतला. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणे!

बाई म्हणाल्या, "ताना माझ्यासारख्या, धवले आत्यासारखे. तू कुठे आहेस?" वर म्हणाल्या, "आणि 'मांडवा' म्हणताना मध्येच का तुटतेस? मां — डवा?" मी म्हटलं, चालच तशी आहे. नीराआत्या आमच्या गावची धवलारीण — माझ्या जन्माआधीपासून लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गाते. तिची चाल चुकेल कशी?

१४ जानेवारी
आत्याकडे गेले. खाटेवर बसली होती, पंप हाताशी. तिला गाऊन दाखवलं. "मां —" वर थांबले तर हसायलाच लागली. हसता हसता खोकला.

"अगो येडे, ती चाल न्हाय! माझा दमा हाय तो! तू दमा पण शिकलीस?"

मीही हसले. घरी येताना रडले. किती प्रेमानं गिरवलं होतं ते!

निघताना म्हणाली, "तुझी छाती धड हाय. माझ्या श्वासात कशाला गातेस?"

२ फेब्रुवारी
आत्या गेली.

२१ फेब्रुवारी
खाडीच्या बांधावर एकटीनं गायले. न थांबता. ओळ लांब गेली, शेवटी बाईंकडची एक मींड आपसूक आली. आत्याचं आणि बाईंचं — पण दोघींपैकी कोणाचंच नाही. बरं वाटलं. मग वाटलं, मी आत्याला पुसतेय.

६ एप्रिल
काकू आली होती. तिच्या मुलाच्या, स्वराजच्या हळदीला मी गायचं म्हणे.

"पन नीराबाईसारखाच गा हां! ती मदीच थांबायची ना, अंगावर काटा यायचा."
"काकू, तो दमा होता."
"असंल. आमाला तोच पायजे. न्हायतर तुझ्या मोबाइलमदला तिचा आवाज लावू."

राग आला नाही. तिलाही आत्या हवी आहे. मला नको का?

४ मे
हळद. काकूनं माझ्याकडून मागून घेतलेलं रेकॉर्डिंग लावलं होतं; मांडवात स्पीकरवर आत्या गात होती. बायका डोळे पुसत होत्या. मी उठले, आवाज बंद केला आणि पहिल्या ओळीपासून गायले, 'मांडवा' न तोडता. काकू अजून बोलत नाही.