जाऊबाईंची विलायती बाहुली

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, मोमिनाबाद

थोरल्या जाऊबाईंनी हैदराबादेहून चिनी मातीची जुनी विलायती बाहुली आणली. गाल असे गुलाबी, की जणू आत्ताच कुणी चिमटा घेतलाय. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मी हात लावायला गेले तर म्हणाल्या, "दुरूनच बघ गं, लई नाजूक हाय. जितकी जुनी, तितकी मोलाची." का? मला काय हात नाहीत? स्वयंपाक करतानाही तेच गाल डोळ्यांसमोर.

शेवटी आज दुपारी छावणीतल्या फातमाबीकडे गेले. ती पूर्वी एका गोऱ्या मडमेच्या मुलांची आया होती. मडम विलायतेला परत जाताना खेळणी तिलाच देऊन गेली, असं ऐकलं होतं. तिनं पेटीतून एक बाहुली काढली. केस झडलेले, एका हाताची बोटं तुटलेली. "ले जाव बीबी, मेरे कू क्या करना!" पदराखाली झाकून घरी आणली.

जाऊबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. आवाज एकदम मऊ.

"ही तर माझ्या बाहुलीहून जुनी दिसती. मला दे, माझी तू घे."

त्या गुलाबी गालांसाठीच जळत होते ना मी? तरी तोंडून निघालं, "न्हाई."

छावणीत आणखी कोण कोण आया होत्या, कुणाकडे अशा जुन्या बाहुल्या आहेत, ते उद्या सकाळीच फातमाबीला विचारते. जाऊबाईंना सुचायच्या आत.