मधली जागा

पुणे,
३ मे २०२५

तीर्थरूप आप्पांना,
क्रांतीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही निम्मं ऐकता आणि उरलेलं निम्मं मनानं भरता, म्हणून हे लिहूनच कळवते. सावकाश वाचा. शेजारच्या धोंडुबाईंना वाचायला दिलंत तरी चालेल, नाहीतरी त्या मागून घेतीलच.

इंग्रजी शिकवण्याचा माझा कोर्स संपला आणि एकाच आठवड्यात दोन ठिकाणांहून होकार आला. एक व्हिएतनाममधून, समुद्रकाठच्या शहरातून. तिथं इंग्रजीचे मोठे क्लासेस आहेत, पगार दीडपट, राहायला खोली त्यांचीच. दुसरा मंगोलियातल्या एका लहान गावातून. साधी शाळा, साठ-सत्तर मुलं, शाळेच्या आवारातच खोली, आणि थंडी अशी की दही बाहेर ठेवलं तर वीट होते. दोघांनाही एकतीस मेपर्यंत उत्तर हवं आहे.

कबनूरला आई-बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, की मागांच्या खडखडाटात माझं डोकं चालत न्हाय, आप्पा म्हणतील तिकडं जा. मला ते पटलं. पहिलीपासून मी तुमच्याजवळ राहिले. फोटो स्टुडिओंसाठी तुम्ही रंगवलेले पडदे माडीवर वाळत असायचे आणि त्यांच्याखाली मी झोपायचे. स्वित्झर्लंड म्हणजे आपल्या माडीवरचं एक कापड, असं मला सातवीपर्यंत वाटत होतं. परदेश मला तुम्हीच दाखवलात, आता त्यातला कुठला ते तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तिथं मी जाईन. शब्द देते.

दोन्ही ठिकाणचे फोटो ज्ञानूच्या दुकानात पाठवलेत, तो मोठे छापून देईल. रक्तदाबाची गोळी चुकवू नका.

तुमच्या धाकातली नात,
क्रांती


शिवाजी पेठ, कोल्हापूर,
८ मे २०२५

चि. क्रांती हीस आप्पाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. अगं, चौथीत शाळा सोडलेल्या माणसावर एवढं ओझं टाकतात का? मी मिरजेच्या पलीकडं कधी गेलो नाही. मिरजेला गेलो तोही एका स्टुडिओचा पडदा टांगायला, आणि सबंध वाटेत तुझ्या आजीकडं किल्ली दिली की नाही याचाच घोर.

तिकडं ताप आला तर कोणाला सांगणार? खोलीला आतून कडी आहे का? पाणी उकळून देतात का? तुला पोहता येत नाही आणि व्हिएतनामात दाराशी समुद्र. मंगोलियात पाणी नाही तर बर्फ, त्यावर पाय घसरला तर उचलायला कोण? भाकरी दोन्हीकडं नसणार. धोंडुबाईचं म्हणणं, की पोरीला एवढं इंग्लिश येतंय तर आमच्या सुनेलाच शिकवू दे की, ती मोबाइलवर नुसता अंगठा दाखवती.

ज्ञानूनं फोटो छापून दिले. मी ते माडीवरच्या भिंतीला टाचले, समुद्राचा डावीकडं, डोंगराचा उजवीकडं, आणि जेवण झाल्यावर समोर बसलो. चहा कधी आला, कधी गार झाला, कळलं नाही. डावीकडं बघितलं की खारं वारं लागल्यासारखं व्हायचं. उजवीकडं बघितलं की पाय आपोआप धोतरात ओढले जायचे. मग डोळा लागला आणि दोन्ही फोटो एक झाले. रंकाळा गोठून पांढरा पडला होता. त्यावरून घोडे चालले होते, टापांचा आवाज नव्हता. तू काठावर बसून पोरांना काहीतरी शिकवत होतीस, इंग्रजीत, आणि मला सगळं कळत होतं.

एक तुला म्हणून सांगतो. काश्मीरचं तळं, स्वित्झर्लंडचं तळं, जन्मभर जेवढी तळी रंगवली तेवढा सगळा रंकाळाच. हंस तेवढे कॅलेंडरातले. कुणाला संशय आला नाही.

माझं अजून ठरत नाही. थोडे दिवस दे.

आशीर्वाद आहेतच, त्यांना टपालाची गरज नाही.
आप्पा


पुणे,
१३ मे २०२५

ती. आप्पांना सा. न.

दोन्हीकडं कडी आहे. विचारून घेतलं, आणि विचारताना मला हसू आवरेना. मंगोलियाच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, की कडी आहे पण इथं दार वाजवणारा बहुधा थंडीनं गारठलेला असतो, म्हणून आम्ही आधी उघडतो. पाणी उकळतात. घसरले तर मुलं उचलतील, त्यांना सवय आहे.

तुमचं तळ्याचं गुपित मी कुणाला सांगणार नाही. पण त्यावरून एक आठवलं. मी दुसरीत असेन. तुम्ही मोठा पडदा करत होता. डावीकडं जिना, उजवीकडं कमान, फुलांच्या कुंड्या, वर ढग, आणि मधे नुसता फिकट रंग. मी विचारलं, की मधे काहीच का काढत नाही? तुम्ही ब्रश न थांबवता म्हणालात, की तिथं गिऱ्हाईक उभं ऱ्हातंय, ती जागा आपली न्हाय. ते मला फार आवडलं होतं. नंतर कितीतरी दिवस तुम्ही जेवायला गेलात की मी त्या मधल्या जागेत जाऊन उभी राहायची.

आता कुठल्या पडद्यापुढं उभी राहू ते सांगा. मला खरं तर समुद्राची ओढ वाटते. फोटोतली वर्गाची ती मोठी खिडकी, बाहेर निळं पाणी. फळ्याकडं पाठ करून मीच बघत बसेन. पण तुम्ही म्हणाल ते.

वाट बघणारी,
क्रांती


शिवाजी पेठ, कोल्हापूर,
१८ मे २०२५

चि. क्रांतीस आशीर्वाद.

घाईनं लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे. तू समुद्राच्या जागी जाऊ नकोस. ती खिडकी खिडकी नाही.

भिंग लावून चार दिवस बघतोय. वर्गात सात खुर्च्या आहेत. खिडकीतून ऊन येतंय म्हणावं तर खुर्च्यांची सावली खिडकीपासून लांब पडायला हवी. ती खिडकीकडंच पडली आहे. म्हणजे उजेड दुसऱ्या बाजूनं, छतावरच्या दिव्याचा. आणि पाणी भर उन्हातलं चमकतंय, तरी चौकटीवर उजेडाची रेघसुद्धा नाही. हा पडदा आहे, क्रांती. छापील असेल, पण पडदा.

म्हातारा काहीतरी बरळतोय असं म्हणू नकोस. पडदा रंगवण्याआधी मी स्टुडिओवाल्याला पहिलं विचारायचो, दिवा कुठल्या बाजूला? एकदाच विचारायचं विसरलो. गडहिंग्लजच्या स्टुडिओसाठी कमान काढली, सावली उजवीकडं टाकली, आणि त्याचा दिवा उजवीकडंच. सबंध लग्नसराईचे नवरानवरी त्यापुढं उभे राहिले. नंतर एक शिंपी फोटो घेऊन आला आणि म्हणाला, पावणं, तुमच्या कोल्हापुरात सूर्य दोन हायत काय? तेव्हापासून सावली चुकली की मला दातात खडा आल्यासारखं होतं.

ज्यांनी भिंतीवर खिडकी चिकटवली, त्यांनी आणखी काय काय चिकटवलं असेल? त्यांना विचार. विचारल्याशिवाय होकार देऊ नको, तुला तुझ्या आजीची शपथ.

उत्तर येईपर्यंत घास उतरायचा नाही.
आप्पा


पुणे,
२२ मे २०२५

ती. आप्पांना सा. न.

तुमचं पत्र वाचून आधी मी चिडले. मला वाटलं, मी कुठंच जाऊ नये म्हणून तुम्ही खुर्च्यांच्या सावल्या मोजत बसलाय.

मग काल त्या क्लासच्या बाईंशी व्हिडिओवर बोलले आणि खिडकी उघडून दाखवा म्हटलं. त्या हसल्या. उठल्या आणि खिडकीवर टिचकी मारली. टक् असा भिंतीचा आवाज आला. वर्ग तळघरात आहे, आप्पा. समुद्र गाडीनं अर्ध्या तासावर. मुलांना बरं वाटतं म्हणून चित्र लावलंय, म्हणाल्या. बाई वाईट नाहीत, पगारही खरा आहे. फक्त खिडकी नाही, आणि रोज आठ तास तिथं शिकवायचं आहे.

तुमचं बरोबर निघालं. पण मला आनंद झाला नाही. रात्रंदिवस ते निळं पाणी मनात धरलं होतं, त्यावर कुणीतरी टिचकी मारल्यासारखं झालं. आता मंगोलियाचा फोटो बघायचीही भीती वाटते. इथल्या एका क्लासमध्ये जागा आहे, कोल्हापूरपासून चार-पाच तासांवर. तीच घेते. खरं सांगा, तुम्हाला हेच हवं होतं ना?

क्रांती


शिवाजी पेठ, कोल्हापूर,
२५ मे २०२५ (स्पीड पोस्टनं)

चि. क्रांतीस आप्पाचा आशीर्वाद.

हो. हेच हवं होतं.

खोटं कशाला बोलू? भिंग घेतलं ते खोट काढायलाच घेतलं होतं. दोन्ही फोटोंत काहीतरी सापडावं आणि तू पुण्यातच राहावीस, असं मनात होतं. डावीकडं सापडलं तेव्हा काळजी कमी आणि बरं वाटणं जास्त होतं. तुझं पत्र आलं आणि ते बरं वाटणं तिथंच संपलं. दुपारी माडीवर पडलो होतो, तर पडद्यामागून तू टिचक्या मारते आहेस असं वाटत राहिलं.

त्या बाईंना नावं ठेवू नकोस. चित्र लावणं हा गुन्हा असता तर मी जन्मभर तुरुंगात असतो. पण पडद्यापुढं माणूस क्षणभर उभं राहतं, हसतं आणि आपल्या घरी जातं. तुला तिथं वर्षभर उभं राहायचं होतं.

आता उजवीकडचं सांगतो. तो फोटोही मी चार दिवस तसाच बघितला, मुद्दाम वाईट नजरेनं. काढणाऱ्याला फोटो काढता येत नाही. बाईंचं डोकं अर्धं कापलंय. ऊन तोंडावर आल्यामुळं पोरांचे डोळे बारीक झालेत. एकाच्या बुटाची नाडी सुटली आहे. पण झेंड्याचा खांब, पोरं, कुंपण, सगळ्यांच्या सावल्या एकाच बाजूला. मागचा डोंगर कुणीही काढणार नाही इतका साधा आहे. आणि पुढच्या रांगेत, बरोबर मधे, एका माणसाची जागा मोकळी आहे. कुणी ऐनवेळी बाजूला झालं असेल. मला ती बघवेना आणि तिच्यावरून नजरही हलेना.

तू विचारलंस, मी सांगायचं टाळत होतो. आता सांगतो. मंगोलियाला जा. शब्द दिला आहेस, तो पाळ.

लोकरीचे कपडे इथं कुठं चांगले मिळतात ते विचारून ठेवलंय. कानटोपी आधी घे, कानातूनच थंडी शिरते.

माया आहे तेवढी घेऊन जा, कमी पडली तर कळव.
आप्पा


मंगोलिया,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. आप्पांना, हजारो कोसांवरून क्रांतीचा सा. न.

हे पत्र पोचायला महिना लागेल असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. इथं सगळंच सावकाश आहे. बर्फसुद्धा पडत नाही, नुसता खाली येऊन बसतो. सकाळी खिडकी उघडली की बाहेर काही नसतं. मग हळूहळू कुंपण दिसतं, मग एक घोडा, मग डोंगर. तुम्ही पडदा रंगवताना एकेक गोष्ट यायची तसंच. खिडकी खरी आहे. पहिल्याच दिवशी टिचकी मारून बघितली.

कानटोपी घालते. भाकरी मिळत नाही, तुमचं बरोबर होतं. घरून आणलेला तांबडा मसाला पुरवून पुरवून वापरते. एकदा मुलांना चाखायला दिला, तर एक मुलगी ठसकत बाहेर पळाली आणि तोंडात बर्फ भरून आली. आता ती रोज मागते. मुलांना मी तुमच्याबद्दल सांगितलं, की माझ्या आजोबांनी न बघता सगळं जग काढलं. त्यांनी विचारलं, की मंगोलिया काढला का? मी म्हटलं, अजून नाही.

सोबत फोटो पाठवते आहे. शाळेमागं काढलाय. मी कडेला का उभी आहे ते तुम्हाला कळेल. जूनमध्ये सगळं हिरवं होतं म्हणे, आणि शाळेला सुट्टी असते.

तुमचीच,
क्रांती


शिवाजी पेठ, कोल्हापूर,
९ जानेवारी २०२६

चि. क्रांतीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आणि फोटो पोचले. तू वाळली आहेस. दूध पितेस का? घोडा एवढ्या जवळ कशाला घेतलास, लाथ मारली म्हणजे?

फोटो धोंडुबाईनं बघितला आणि गल्लीभर सांगत सुटली, की पोरगी कुठं बी गेली न्हाय, ह्यो आप्पाचाच पडदा हाय. मी म्हणालो, की असलं पांढरं मला जन्मात जमलं नसतं. बर्फ रंगवायचा म्हणजे कापड कोरंच सोडावं लागतं, आणि मी ते कधी सोडलं नाही. भीतीच वाटायची, काहीतरी टाकल्याशिवाय हात थांबायचा नाही.

आधी वाटलं, फोटो वाया गेला. डोंगर मागं, घोडा उजवीकडं, तू डावीकडच्या कडेला, आणि मधे नुसतं मोकळं. फोटो भिंतीला टाचला आणि समोर बसलो. तासाभरानं कळलं. मग चष्मा पुसत बसलो.

काल उदयसिंहाच्या स्टुडिओत गेलो. माझं सर्वांत जुनं गिऱ्हाईक त्याचा बाप. त्यानं मला स्टुलावर बसवलं. मी मागं बघितलं तर नुसती भिंत. विचारलं, की पडदा कुठाय? तो म्हणाला, आप्पा, पासपोर्टला मागं काय चालत न्हाय, कोरं पांढरंच लागतंय. मी म्हणालो, लाव मग तेच. बसलो. डोळे मिटू नका म्हणाला, तरी दोनदा मिटले. गार वाटत होतं.

तुझा बाप जोतीराम कबनूरहून येऊन फॉर्म भरणार आहे. विमानात खिडकी उघडतात का, ते कळव. चालताना गुडघा धरतो, तिकडं गरम पाण्याची पिशवी मिळते का तेही कळव. भीती आहेच, ती बरोबर घेऊनच येईन.

जूनपर्यंत तिथं दुसऱ्या कुणाला उभं राहू देऊ नकोस. एसटीत टाकतात तसा रुमाल टाकून जागा धरून ठेव.

तुझा,
आप्पा