उणे पाच

१७ फेब्रुवारी

सकाळच्या एसटीनं आटपाडीहून तासगावात आलो, मी आणि आई. भरतेशअण्णांच्या बेदाण्याच्या शेडवर मला ऑफिसात काम मिळालंय, आईला शेडमध्ये. खोली मागंच आहे, नळाला दोन्ही वेळ पाणी. आटपाडीत सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. माझं काम म्हणजे अण्णांची ‘बेदाणा कट्टा’ ही वेबसाइट सांभाळायची. शेडवाले, व्यापारी, मजूर सगळे तिथं लिहितात. पटलं तर वरचा बाण दाबायचा, नाही पटलं तर खालचा. उणे पाच झालं की ती कमेंट मिटून जाते. कोणी कुठला बाण दाबला ते नावानिशी दिसतं. आईच्या फोनवरही कट्टा उघडून दिला. लय खूश झाली.

२० फेब्रुवारी

बेदाण्याचा रंग उजळावा म्हणून शेडला ताडपत्रीचे पडदे लावून आत गंधकाची धुरी देतात. नंतर बाया आत जाऊन माल हलवतात. अण्णांनी कट्ट्यावर लिहिलं की तासाभरात आत गेलं तरी चालतं, वेळ वाचतो. दोनशे बारा बाण वर. आकाराम म्हणून जुना मुकादम आहे. त्यानं खाली लिहिलं, चार तास पडदं उघडं ठेवा, न्हाईतर बायांची छाती भरंल. उणे चार झालं होतं. पाचवा बाण मी दाबला. मला अण्णांच्या नजरेत भरायचं होतं, खोटं कशाला लिहू.

२३ फेब्रुवारी

चहाच्या गाड्यावर आकाराम तीनदा चहा मागत होता आणि चहावाला ढिम्म. भांडण असेल म्हटलं. मग नीट बघितलं. आकारामचे ओठ हलत होते, आवाज येतच नव्हता. त्याची बायको पाटी घेऊन शेजारून गेली, वळूनही बघितलं नाही. अण्णांची पुतणी कीर्ती ऑफिसात माझ्याबरोबर असते, तिला विचारलं. ती म्हणाली, कोण आकाराम.

२७ फेब्रुवारी

धोंडुबाई शेडमधून खोकतच बाहेर आली आणि दारात पडली. सांगलीला नेली. संध्याकाळी गेली. कट्ट्यावर लगेच आलं की तिला दमा होता. तीनशे बाण वर. कसला दमा? कालपर्यंत बाई पंधरा किलोची पेटी डोक्यावर घेऊन फिरत होती. माझं डोकंच फिरलं. लिहून टाकलं, आकाराम बरोबर सांगत होता, चार तास थांबा.

२८ फेब्रुवारी

उणे चार. खासगीत मात्र सतरा निरोप. तुझं खरं हाय, पण नाव दिसतंय गं, वरचा बाण कसा दाबू. नेभळट मेले. आणि मी तरी त्या दिवशी काय वेगळं केलं होतं.

१ मार्च

उणे पाच. पाचवं नाव बघितलं. बनाबाई. माझी आई.

दुपारी तिला विचारलं. म्हणाली, समदी दाबत हुती बाई, आपण पोटासाठी आलोय, एकटं पडून कसं चालंल. मी रडले. ती समजूत घालत होती, वाक्य अर्धंच सोडून उठली आणि भाकरी थापायला लागली. एकच भाकरी केली.

२ मार्च

चहा मिळाला नाही. कीर्ती माझ्या खुर्चीत बसायला आली, मी उठले नसते तर अंगावरच— आकारामचा आवाज मला आता येतो. आलीस व्हय, म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

३ मार्च

धुरी दिलीय. तासच झालाय. आज आत जायची पाळी आईची—

ओरडले. घसा बसला. तिचा दंड धरला, माशी हाकलावी तसा हात झटकला तिनं. गाठी सोडून पडदे उघडले, बायांनी परत बांधले. आकाराम दारात आडवा झाला, त्याला ओलांडून दुसऱ्या दोघी आत—

वही तिच्या तोंडापुढं धरून लिहितेय. मोठ्या अक्षरात. वाचता येतं तिला.

आई आत जाऊ नको

आई, मी सृष्टी

तू बाण दाबलास त्याचा राग न्हाई गं मला, खरंच न्हाई, फक्त बघ हिकडं—

आई तो पडदा नको उच