सर्वांत वर ठेवलेले पुस्तक

अण्णा,

आधी घटना क्रमाने मांडते, कारण क्रम चुकला की तुम्ही पुढचे ऐकायचा नाहीत. एक: तुम्ही जालन्याच्या वाचनालयात ग्रंथपाल असताना, ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात, कुंभार पिंपळगावचा एक तरुण शेतकरी तुमच्या टेबलासमोर आला आणि त्याने काविळीवरचे पुस्तक मागितले. दोन: तुम्ही त्याच्यापुढे तीन पुस्तके एकावर एक ठेवलीत. तीन: एका वेळी एकच पुस्तक नेता येत असल्यामुळे त्याने सर्वांत वरचे उचलले. चार: मी हरकत घेतली आणि ती तुम्ही त्याच्यादेखत फेटाळलीत. पाच: पुस्तक परत आले तेव्हा त्याची बायको हयात नव्हती. यांपैकी कोणतेही विधान तुम्ही नाकाराल असे मला वाटत नाही. माझा वाद फक्त दुसऱ्या विधानाशी आहे. ती पुस्तके त्याच क्रमाने का ठेवलीत?

तुमची पद्धत मला ठाऊक होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर परतीच्या तारखांचे शिक्के मारायची चिठ्ठी असे. कोणी विषय सांगितला की तुम्ही त्या विषयाची पुस्तके काढायचात, मग प्रत्येकाचे शेवटचे पान उघडायचात आणि ज्यावर शिक्के जास्त ते वर ठेवायचात. स्वतःचे मत त्यात मिसळायचे नाही, हा तुमचा नेम. त्यामागचे कारणही तुम्ही मला सांगितले होते. निजामाच्या राजवटीत, तुम्ही विद्यार्थी असताना, ज्या गृहस्थाच्या हाती कपाटाच्या किल्ल्या होत्या तो माणसाचे कपडे पाहून पुस्तक देई, आणि तुमचे कपडे पाहून त्याने तुम्हाला कधीच काही दिले नाही. म्हणून तुमच्या टेबलावर निवड वाचकांची असायची. मला ही भूमिका आदरणीय वाटत होती. त्या दुपारपर्यंत.

मी औरंगाबादहून सुटीत आलेली, विज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला वाचत बसले आहे. तो येतो, डोक्यावरचा रुमाल सोडून तोंड पुसतो. मॅट्रिकला जालन्यात असताना घेतलेले सभासदत्व त्याने शेतीत पडल्यावरही सोडलेले नव्हते. म्हणतो, "साहेब, बायकोला कावीळ झालीय. दोन जिवांची हाय, सातवा लागलाय. कशात काय लिव्हलं असंल तर द्या, जल्दी. माझी बस हाय." तुम्ही उठता. काविळीची पुस्तके काढता, शेवटची पाने उघडता. वर येते घरगुती उपचारांचे ते पुस्तक, ज्याची चिठ्ठी भरून गेल्यामुळे तिच्यावर दुसरी चिकटवलेली होती. काविळीची माळ त्यात सविस्तर दिलेली: मुळीचे तुकडे दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचे आणि कावीळ उतरेल तशी माळ लांब होत जाते म्हणे. सर्वांत खाली एका डॉक्टरांचे पुस्तक, जवळजवळ कोरे. ते मी वाचले होते. गरोदरपणात कावीळ दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते.

मी उभी राहिले. म्हणाले, "अण्णा, खालचं द्या. ते दोन जिवांची म्हणून सांगताहेत. तिला दवाखान्यात न्यायला पाहिजे."

तुम्ही मान वर केली नाहीत. "वाचकानं काय न्यावं ते ग्रंथपाल सांगत नसतो. ग्रंथपालाची मुलगी तर बिलकुल न्हाई. बस खाली."

तो माणूस आपल्यामुळे बापलेकींत वाद नको म्हणून ओशाळून हसला. वरचे पुस्तक उघडून शिक्के पाहिले आणि माझी समजूत घालायला म्हणाला, "ताई, एवढ्या लोकांनी नेलंय म्हंजे गुण येतच असंल की." अण्णा, शिक्का म्हणजे केवळ कोणी तरी हे पुस्तक नेले एवढाच पुरावा होता. नेणारा बरा झाला की नाही, हे ती चिठ्ठी सांगत नव्हती. तुम्ही ही चूक दुरुस्त करायला हवी होती. तुम्ही शिक्का मारलात.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी विषय काढला. तुम्ही जेवत होता, आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी म्हटले, त्याने दोन गोष्टी सांगितल्या आणि तुम्ही एकच ऐकली. कावीळ हा शब्द तिन्ही पुस्तकांत होता, म्हणजे त्या शब्दाने काहीच निवडले जात नव्हते. दोन जिवांची, हे एकाच पुस्तकात होते. जो शब्द थोड्या ठिकाणी सापडतो त्याचे वजन जास्त धरायला हवे. तुम्ही घास खाली ठेवलात आणि विचारलेत, "आज एका बाईसाठी माझं मत वर ठेवलं, तर उद्या कुणासाठी काय वर ठेवीन, सांग." मी सांगू शकले असते, पण आई मध्येच म्हणाली, "दोघं बी खरे. मंग भाकर कोण खाईल?" आणि तुम्ही जेवू लागलात.

सुटी संपत आली तेव्हा तो पुस्तक परत द्यायला आला. तेव्हाही मी तिथेच होते. बायको गेल्याचे त्याने पिकाविषयी बोलावे तशा आवाजात सांगितले. रागावला नाही. म्हणाला, "पुस्तक बराबर होतं, साहेब. लिव्हल्यापरमाणं माळ आणल्ती. पर ती वाढली न्हाई." तुम्ही पुस्तक जागेवर ठेवायला उठलात. त्याच्या चिठ्ठीवर आता एक शिक्का अधिक होता. म्हणजे ती बाई गेली आणि त्या पुस्तकाचे सर्वांत वरचे स्थान आणखी पक्के झाले. मी त्या वाचनालयात पुन्हा पाऊल ठेवले नाही. तुम्ही गेलात तोवर आपण या विषयावर एक अक्षर बोललो नाही.

आता माझ्याकडचे काम सांगते. डॉक्टरेटनंतर मी पुण्यात शोधयंत्रावर काम करते. माणूस संगणकावर दोन-चार शब्द लिहितो आणि यंत्र लाखो पानांतून त्याला हवी ती पाने क्रमाने लावून देते. ते शब्द पानात आहेत का, हे ते आधी पाहते. मग दुर्मीळ शब्दाला अधिक वजन देते, म्हणजे मी स्वयंपाकघरात मांडला होता तोच हिशेब. शेवटी त्या पानाकडे इतर किती पानांनी बोट दाखवले आहे, म्हणजे दुवा दिला आहे, हे मोजते. तो तुमचा शिक्का. आरोग्याविषयीच्या मराठी पानांचे असे यंत्र आता आपल्या जिल्ह्यातल्या गावोगावच्या संगणक केंद्रांत जायचे आहे, त्या शेतकऱ्याच्या घनसावंगी तालुक्यातही. क्रमवारीला अंतिम मान्यता माझी.

काल मी त्यात लिहिले: गरोदर, कावीळ. सर्वांत वर माळेचे पान आले. असंख्य पाने त्याच्याकडे बोट दाखवतात. आणि माळ विकणाऱ्याने माझा दुर्मीळ शब्दही हेरलेला. गरोदर हा शब्द त्याने ओळीओळीत पेरून ठेवला आहे. डॉक्टरांचे पान इतके खाली की तिथवर कोणी पोहोचत नाही. वीस वर्षे मी जे उत्तर तुमच्याविरुद्ध जपले, ते एका माळविक्याने निकामी केले. मी वजने बदलली. तो पुन्हा वर आला. आता एकच उपाय उरतो: डॉक्टरांचे पान हाताने उचलून वर ठेवणे. मी बैठकीत तसे म्हणताच माझा तरुण सहकारी शांतपणे म्हणाला, "मॅडम, ठेवू. पण उद्या दुसरं कोणीतरी दुसरं पान घेऊन येईल. त्याला आपण कोणत्या नियमानं नाही म्हणायचं?" मी निर्णय उद्यावर टाकला.

म्हणून तुमच्याकडून मला खेद नको, खुलासाही नको. मला एक माहिती हवी आहे, जी मी चिडून दूर राहिल्यामुळे माझ्यापाशी नाही. त्या दुपारनंतरही तुम्ही कितीतरी वर्षे त्या टेबलामागे बसलात. कावीळ पुन्हा कोणाला तरी झालीच असेल. कोणीतरी धावत येऊन पुस्तक मागितलेच असेल. तेव्हा तुम्ही वर काय ठेवलेत? क्रम बदललात का? बदलला असेल, तर दुसऱ्या वाचकाला कोणता नियम सांगितलात? आणि बदलला नसेल, तर तो शिक्का मारताना हात कसा चालला?

हे पत्र कुठल्याही पेटीत पडणार नाही, हे मला कळते. तरी उत्तर उद्या सकाळच्या आत हवे, आणि ते लेखी हवे. तुमचा आवाज आता मला नीट आठवत नाही, अण्णा. अक्षर मात्र मी ओळखेन. लिहून कळवा.