सुशीलाबाईंचं पान

३ नोव्हेंबर, सोमवार

श्रीगजानन प्रसन्न.

आज कामाला लागले. पन्नाशीला दोन वर्षं कमी असताना आयुष्यातली पहिली नोकरी. ह्यांच्या कंपनीने दिवाळीआधी साठ जणांना घरी बसवलं, त्यात हे. लेकीचं, ओवीचं, कॉलेजचं शेवटचं वर्ष. म्हटलं, ह्यांना दुसरं काही मिळेपर्यंत आपणच पदर खोचावा. धायरीहून बसने स्वारगेट, तिथून दहा मिनिटं चालत. बंगला जुना, पण लख्ख. सुशीलाबाई ऐंशीच्या, एकट्या. मुलगा परदेशात, पगार तो पाठवणार. काम एवढंच, की एका वेळचा स्वयंपाक करायचा, देवाला नैवेद्य दाखवायचा आणि मग त्यांना वाढायचं. देवघर पाहून मन निवलं. तांब्याची उपकरणी कोणी न सांगता चिंचेने घासून ठेवली.

त्यांना दात एकही नाही, म्हणून भात आसट लागतो. आणि घरचा एक नियम सांगितला. त्यांच्या पानातलं टाकायचं नाही. त्यांचं आटोपलं की मी त्याच पानात जेवायचं. मला त्यात वावगं वाटलं नाही. लग्नानंतर सासूबाईंच्या धाकाने सात वर्षं ह्यांच्या उष्ट्या ताटात जेवलेच आहे. अन्न टाकलेलं मलाही खपत नाही. शिवाय दुपारचं माझं जेवण सुटलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

सुशीलाबाई घास हिरड्यांनी चघळतात, रस गिळतात आणि चोथा पानाच्या कडेला काढून ठेवतात. काल-परवा पातळ भात होता म्हणून कळलं नाही. आज पोळी आणि मेथी. कडेला पाच-सहा गोळे, हिरवट, लाळेने चकचकणारे. एकाला केस चिकटलेला. मी बाकीचं जेवले, गोळे ठेवले. त्यांनी चष्मा वर करून पान पाहिलं. म्हणाल्या, आमच्याकडे रिकामं म्हणजे रिकामं. मी म्हटलं, काकू, हे चावलेलं आहे. तर म्हणे, मग तुमचे तेवढे कष्ट वाचले. जिभेचे चोचले असतील तर बँकेत बघा नोकरी, इथे फाटकाशी रोज दोन बायका विचारून जातात.

ते खरं आहे. कालची बी.ए. झालेली होती. मी मॅट्रिक.

डोळे मिटले, गजाननाचं नाव घेतलं आणि गिळलं. कोमट होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार, संकष्टी

सव्वीस वर्षांत एक संकष्टी मोडली नव्हती. सांगून पाहिलं. म्हणाल्या, उपास तुमच्या घरी करा, इथे नोकरी करा. आज गवारीच्या शेंगांचा चोथा. दोऱ्यांसारखा घशात अडकला, बोटाने आत ढकलला. परत येताना बसमध्ये तोंडावर पदर दाबून बसले. चंद्रोदयाला नैवेद्याचा मोदक खाल्ला, गोडच लागेना. ओवी म्हणाली, आई, आमटीत मीठ दोनदा घातलंस. मला एकदाही लागलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

घरचं काही जात नाही. भाकरी म्हणजे पुठ्ठा, दूध म्हणजे चुन्याचं पाणी. फक्त दुपारी त्या पानावर बसलं की तोंडाला पाणी सुटतं. लिहितानाही शिसारी येते, पण ह्या वहीत खोटं लिहायचं नाही. आज गोळे मी आधी खाल्ले. कोणी सांगितलं नव्हतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जेवताना वरची दाढ हातात आली. चांदी भरलेली होती ती. रक्त नाही, कळ नाही, पिकलं फळ देठातून सुटावं तशी आली. सुशीलाबाई म्हणाल्या, डॉक्टरकडे गेला असतात तर पैसे पडले असते. दाढ पानातच राहिली. घासायला गेले तर पानात नव्हती.

ह्यांना मांजरी गावात एका गोदामात कामासाठी बोलावलं होतं. तिथे तिशीच्या आतले हवेत म्हणे. हे आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. त्यांना काय सांगू?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आणखी चार दात गेले. घरी सांगितलं, पायरिया आहे.

आज सुशीलाबाईंनी भाकरी चघळली नाही. चावली. कडकड आवाज येत होता. मी पाहत राहिले तर हसल्या. आत उजवीकडे चांदी चमकली.

माझी.

२४ नोव्हेंबर, सोमवार

फाटकाशी एक बाई. मैना नाव, माझ्याआधी इथे होती. तिशीची असेल, पण तोंडाचं बोळकं, गाल आत गेलेले, बोटांनी सतत हिरड्या चाचपत होती. मला वाटलं, पळ म्हणून सांगायला आलीय. तर म्हणाली, ताई, तुमी सोडणार हाय का काम? पगार नको मला, नुसतं ताट घासाया तरी आत घ्या. मी घाबरून फाटक लावून घेतलं.

घाबरून नाही. तिला वाटा द्यायचा नव्हता मला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

माझे उरलेले दातही गेले, आणि आता त्या सगळं चावून गिळतात. पान कोरडं. आज मी ते — देवघरासमोर बसून — जिभेने — दोनदा. त्या बघत होत्या. म्हणाल्या, पन्नाशीचे दात काही खरे नाहीत, आत्ताच हलायला लागलेत. मग विचारलं, मुलगी केवढी आहे तुमची? किडके आहेत का तिचे?

उद्या जाणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ

ताप. उठवत नाही. ह्यांनीच तिकडे फोन केला. सुट्टी मिळणार नाही, बदली पाठवा म्हणाल्या. बदली पाठवायची रीतच आहे, नाहीतर काम जातं, असं हे ओवीला समजावत होते. एक दिवसाचा प्रश्न आहे, बाळा. मी नको नको म्हणत होते. तोंडातून नुसता वारा — एकही दात नाही — त्यांना वाटलं तापात बरळतेय. खुणेने पेन मागितलं. कागदावर लिहिलं, तिला जेवू देऊ नका. तोवर बस गेली होती. ओवी फोन उचलत नाही —

संध्याकाळ

आली. हसत आली. म्हणाली, आई, आधी किळस आली गं, पण तुझी नोकरी जाईल म्हणून डोळे मिटून खाल्लं. तर छान लागलं चक्क. आजींनी उद्यापासून मलाच बोलावलंय.

तिला हलवून सांगणार होते — पळ — तोंड उघडलं — ती वाकून ऐकत होती, तिच्या श्वासाला त्या पानाचा वास —

आणि मी विचारलं, कडेला काही उरलं होतं का गं? माझ्यासाठी का नाही आणलंस?