कोरी भाजी

रेडी, १४ जानेवारी १९५८

ती. आईस,

विमलाचा नमस्कार. अण्णा माझं पत्र ऐकून घेत असतील, तर त्यांनाही. आम्ही दोघं बरी आहोत. यांचं बंदरावरचं काम चालू आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

तू दिलेलं तांबड्या भाजीचं बी छान रुजलं. शेण आणि राख, एवढंच घातलं. पहिली भाजी शेजारी वाटायची ही आपल्याकडची रीत, म्हणून मुळांची माती धुऊन घरोघर जुड्या दिल्या. सगळ्यांनी हसून घेतल्या.

संध्याकाळी तिथेच राहिलेली जुड्यांची टोपली आणायला शेजारच्या आनंदीबाईंकडे गेले, तर माझी जुडी म्हशीपुढे पडली होती. त्या जराही ओशाळल्या नाहीत.

"रागाव नको गो. तुझ्या घोवाची जात आता सगळ्यांका ठावक आसा. कोरी दिलस आसतस तर चलली आसती. तू तुझ्या घरच्या पाण्यान धुवन हाडलस."

म्हैस मात्र चवीने खात होती.

परत येताना तुझी आठवण झाली. दिवाळीनंतर आलीस तेव्हा माझ्या घरी तू फक्त शहाळं प्यायलीस. उन्हाने जेवण जात नसेल, असं मी यांना सांगितलं होतं.

शिमग्याला येणार आहेस ना? भाजी कोरीच ठेवीन. नवी घागर आणून ठेवते. पाणी तूच शेंद, तूच धू, तूच शिजव. फक्त ती आमच्याही पानात वाढ, आणि आमच्याबरोबर बसून जेव.

तुझी,
विमला